गडावर स्टेज नको, एक माणूस द्या

"सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे" असं छापलेल्या सरकारी महोत्सवाच्या पत्रिका आपण सगळ्यांनीच बघितल्यात. गडाच्या पायथ्याला मंडप, स्टेजमागे भला मोठा फ्लेक्स, त्यावर फोटो कुणाचे किती मोठे यावरून आदल्या रात्रीपर्यंत चाललेली भांडणं, पुढच्या दोन रांगांत सोफे, आणि सोफ्यांच्या मागे उन्हात सतरंजीवर बसवलेली झेडपी शाळेची पोरं. पाहुणे दीड तास उशिरा येतात, मग दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ, भाषणं. पोरांनी टाळ्या वाजवायच्या, शेवटी बिस्किटचा पुडा घ्यायचा आणि घरी जायचं. एवढं सगळं होतं आणि गड वर जिथल्या तिथं असतो, तो त्या पोरांना कुणी दाखवलेलाच नसतो.

मला महोत्सवांचं वावडं नाही. घारापुरीच्या, वेरूळ-अजिंठ्याच्या महोत्सवात चांगलं गाणं-नाच बघायला मिळतो, बघावा. (वेरूळचा महोत्सव भरतो संभाजीनगरात सोनेरी महालापाशी, ते एक असो.) पण याला कुणी फॅमिलीसाठीचा कार्यक्रम म्हणू नये. सात वर्षांचं पोर, गुडघे दुखणारी आजी आणि खांद्यावर डब्याची पिशवी घेतलेली आई, यांना किल्ल्यावर किंवा म्युझियममध्ये नेमकं काय हवं असतं याचा विचार महोत्सवात नसतोच. माझं म्हणणं एवढंच आहे की असा एक मोठा सोहळा रद्द करा आणि त्या पैशात वर्षभर दर रविवारी त्या जागेवर मुलांशी बोलणारा एक पगारी माणूस बसवा. एकच. बाकी हळूहळू होईल.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. ११ आपले, साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत, आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. आनंद झालाच, व्हॉट्सॲपवर आठवडाभर दुसरं काही नव्हतं. पण त्यानंतरच्या रविवारी जी फॅमिली गाडी काढून लोहगडाला किंवा प्रतापगडाला गेली असेल तिच्यासाठी त्या यादीने काय बदललं? आपल्याकडे संरक्षित स्मारकावर पोराला दिसणारा सगळ्यात ठळक बोर्ड कुठला असतो, तर तो निळा, नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा एक लाखापर्यंत दंड असं सांगणारा. कायदा बरोबरच आहे, दगडावर बदाम कोरणाऱ्यांना तो हवाच. पण पोर नुकतं वाचायला शिकलंय आणि महाराजांच्या गडावर त्याने वाचलेली पहिली ओळ तुरुंगाची, हे काही बरं नाही.

मग पालक म्हणतात मुलं किल्ल्यावर कंटाळतात. कंटाळणारच ना. पायऱ्या चढून धापा टाकत वर आल्यावर बाबा म्हणतात "हा बघ बुरुज", पोर बघतं, बाबा म्हणतात "हे बघ टाकं", पोर बघतं, मग फोटो, मग भजी. बाबांनाही पुढचं माहीत नसतं, त्यात त्यांचा काय दोष. सिंहगडावर फॅमिल्या का जातात, तर गाडी वरपर्यंत जाते, पिठलं-भाकरी मिळते, मडक्यातलं दही मिळतं आणि आजीला टेकायला जागा मिळते. म्हणजे आपल्याकडची सगळ्यात फॅमिली-फ्रेंडली यंत्रणा चालवतात कोण, तर पायथ्याच्या गावांतल्या भाकऱ्या थापणाऱ्या बायका. मी हे उपहासाने म्हणत नाहीये, त्यांना जे कळलंय ते खात्यांना कळायला हवं, की माणूस आधी दमतो, त्याला तहान लागते, टॉयलेट लागतं, आणि इतिहासाची पाळी त्याच्या नंतर येते. रायगडावर हिरकणीचा बुरुज सगळे बघतात, तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या आईची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, आणि एसटी स्टँडवर तिच्या नावाने हिरकणी कक्ष काढायचं सरकारला सुचतं. मग तिकीट लावलेल्या प्रत्येक गडावर आणि म्युझियममध्ये बाळाला पाजायला एक आडोशाची खोली असावी, ही मागणी फार नाही. आधी ते करा आणि मग पत्रिकेवर सहकुटुंब छापा.

म्युझियमची गोष्ट थोडी वेगळी. तिथं सावली असते, पंखा असतो, पण बोलणारं कुणी नसतं. एका जिल्ह्याच्या गावातलं म्युझियम, नाव घेत नाही, भाच्याला घेऊन गेले होते. काचेच्या कपाटात एक पितळेची काहीतरी नक्षीदार वस्तू, खाली चिठ्ठी, "धातूची वस्तू, १८ वे शतक". तो विचारतो, मावशी हे कशासाठी असतं? मला काही सांगता येईना, म्हणून खुर्चीवर बसलेल्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले "हात लावू नका". आम्ही हात लावलाच नव्हता! त्या काकांचाही राग नाही, त्यांना नेमलंय राखणीला, समजावून सांगायचा पगार त्यांना कुणी देत नाही. आणि सांगायचं काम ज्याचं आहे असं पदच बऱ्याच ठिकाणी नसतं.

आता पुण्यातलं राजा केळकर म्युझियम घ्या. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तू, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभं केलेलं संग्रहालय, १९७५ मध्ये त्यांनी ते सरकारच्या हवाली केलं. तिथं तलवारी आहेत तशाच अडकित्ते आहेत, दिवे आहेत, पाय घासायच्या वज्री आहेत, कुलपं आहेत. आजी आणि नात बरोबर जाऊन बघाव्यात अशा या वस्तू, कारण तिथं गाईड लागतच नाही, आजीच गाईड होते. "आमच्या घरी अस्सा अडकित्ता होता, कातरून कातरून आईच्या अंगठ्याला घट्टा पडला होता." विचार करा, दर महिन्याच्या एखाद्या रविवारी तिथं नुसतं एवढं ठेवलं की आजी-आजोबांनी घरातली एक जुनी वस्तू घेऊन यायचं आणि समोर बसलेल्या पोरांनी ती कशाची ते ओळखायचं. खर्च काय, सतरंजी आणि पाण्याचा जार. संग्रहातल्या वस्तूला धक्का लागत नाही, कपाट उघडावं लागत नाही आणि कुणाचं भाषणही नाही.

आपल्याकडे हे जमत नाही असं कुणी म्हणू नये कारण जमलेलं आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमधलं फिरतं म्युझियम सुरू केलं, शाळेपर्यंत जाणारं, आणि २०१९ मध्ये आवारात मुलांचं वेगळं म्युझियम काढलं, तिथल्या जुन्या गोरखचिंचेच्या झाडापाशी. ही संस्था ट्रस्टची आहे, तिला देणगीदार आहेत, मुंबई आहे, हे मान्य. पण सुरुवात पैशापासून होत नाही, मुलं हे आपले खरे पाहुणे आहेत हे आधी ठरवावं लागतं. गोव्यात रेइश मागुशचा किल्ला बघा, दुरुस्त करून २०१२ मध्ये लोकांसाठी उघडला आणि आत व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं लावली. पोरं चित्रातले नाकाडे लोक बघून हसतात, हसता हसता तोफेपाशी पोचतात, तिथून मांडवी दिसते आणि किल्ला इथंच का बांधला ते न सांगता कळतं. आणि माहीमचं निसर्ग उद्यान, धारावीला लागून, जिथं पूर्वी शहराचा कचरा टाकायचे त्या ३७ एकरांवर उभं केलेलं जंगल, तिथं पोरांना झाडं-फुलपाखरं दाखवत हिंडवतात. डम्पिंग ग्राउंडवर हे होऊ शकतं तर राजगडाच्या पायथ्याला का नाही?

किल्ल्यावर काय करता येईल ते जरा नीट सांगते, कारण "काय करणार, दगडच तर आहेत" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. गोमुखी दरवाजा घ्या. पुस्तकात वाचून पोराला ओ की ठो कळत नाही. पण दहा पोरांना सांगा की तुम्ही हत्ती, दरवाजाला धडक द्यायचीय, पळत या. समोरून दरवाजा दिसतच नाही, दोन बुरुजांच्या मधल्या बोळात वळावं लागतं, वळताना वेग जातो, आणि वरच्या तटावर उभी असलेली बाकीची पोरं कागदाचे बोळे मारायला तयार असतात. पाच मिनिटांत कळतं हा दरवाजा असा वाकडा का. परत कधी विसरायचे नाहीत. किंवा चुना. कितीतरी गडांवर चुन्याचा घाणा अजून दिसतो, गोल दगडी चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक, बैल लावून चुना मळायचे. त्याच्याजवळ उभं राहून लोक सेल्फी काढतात आणि बरेच जण त्याला तेलाचा घाणा समजतात. तिथं दुरुस्तीचं काम चालू असेल तर गवंड्याकडे वाळू असते, विटांची भुकटी असते, गूळ आणि बेलफळ घातलेलं पाणी असतं. चुना अंगावर उडाला तर भाजतो, तेव्हा कालवायचं काम गवंड्यानेच करायचं, पोरांनी जरा लांब बसून गुळाचं पाणी ढवळायचं आणि "गूळ? भिंतीत गूळ?" असं ओरडायचं. त्या पोराने पुढे आयुष्यात कधी तटावर नाव कोरलं तर मला येऊन सांगा.

पन्हाळ्यावरचा अंबरखाना, त्यातली गंगा कोठी, २५ हजार खंडी धान्य मावायचं म्हणतात. पोरांना नुसता आकडा सांगून उपयोग नाही. एक पायली ठेवा, थोडं भात ठेवा, मोजू द्या, माणशी रोज किती लागतं ते त्यांनाच काढू द्या आणि मग विचारा, सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा आत किती माणसं किती दिवस टिकली असती. गणिताचा तास होतो आणि कुणाला कळतही नाही. सिंधुदुर्गात तर आधीच अर्धं काम झालेलं आहे, मालवणहून होडीत बसायचं हीच पोरांची निम्मी मजा, आत वस्ती आहे, विहिरी आहेत, आणि महाराजांच्या हाताचा ठसा म्हणून चुन्यात उमटलेला पंजा दाखवतात. तिथं एक ओली मातीची पाटी ठेवा, प्रत्येकाने आपला पंजा उमटवायचा. सावंतवाडीला राजवाड्यात गंजिफा रंगवतात, गोल पत्ते, दशावताराचे, आणि मोडीत स्वतःचं नाव लिहायला शिकवायला तर एक कागद आणि बोरू पुरतो. मर्दानी खेळवाले कोल्हापुरात आहेत, पोवाडे म्हणणारे आहेत, बहुरूपी आहेत, ज्यांना आता लग्नाच्या मांडवात पोलीस बनून यायचंच काम उरलंय. इतिहासातलं पात्र होऊन दारात उभं राहायची कला आपल्याकडे पिढीजात आहे आणि आपण ती वापरत नाही.

यावर पहिला आक्षेप पावित्र्याचा येतो. गड म्हणजे पिकनिक स्पॉट नाही, तिथं पोरांचे खेळ कसले. भावना कळते. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये किल्ले हेरिटेज हॉटेलला देणार अशी बातमी आली तेव्हा लोक खवळले ते उगाच नाही, सरकारला खुलासा करावा लागला की संरक्षित किल्ल्यांना हात लावणार नाही. पण तेव्हापासून आपल्या डोक्यात दोनच पर्याय राहिलेत असं वाटतं, एक तर देव्हारा नाहीतर हॉटेल. गड या दोन्हींपैकी काहीच नव्हते. तिथं माणसं राहायची, स्वयंपाक व्हायचा, रायगडावर बाजारपेठ होती. महाराज शिवनेरीवर जन्मले, संभाजीराजे पुरंदरावर, राजाराम महाराज राजगडावर. तिथं पाळणे हलले, पोरं रडली, खेळली, पडली. आज एखादं पोर तटावरून ओरडत पळालं तर गडाचा अपमान होतो हे मला काही पटत नाही. दारूच्या बाटल्या नेणाऱ्यांना अडवा, शंभर वेळा अडवा, आणि माझा अंदाज असा की जिथं लहान मुलांचा कार्यक्रम चालू असतो तिथं बाटल्या आपोआप कमी निघतात.

दुसरा आक्षेप गर्दीचा, आणि तो खरा आहे. जुलै २०२३ मध्ये लोहगडावर एवढी गर्दी झाली की लोक तासन्‌तास पायऱ्यांवर अडकले. पुढच्या जुलैत रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट आले आणि माणसं जीव मुठीत धरून उभी होती. तेव्हा पावसाळ्यात कार्यक्रम नकोच, कुणी मागितला तरी नको. पण ही गर्दी मुलांच्या कार्यक्रमाने झालेली नव्हती, रीलने झाली होती, सगळे एकाच रविवारी, एकाच गडाला, एकाच वेळी. नाव नोंदवून पंचवीस-तीस पोरांची तुकडी, सकाळी आठला सुरू, अकराला खाली, हे गर्दी वाढवणारं नाही. उलट लोहगडाच्या ऐवजी शेजारच्या विसापूरला तुकडी नेली तर थोडा भार हलका होईल.

परवानगीचं काय, असं तिसरा विचारतो. केंद्राच्या १९५९ च्या नियमांत आहे की संरक्षित स्मारकात सभा, समारंभ, पार्टी, करमणुकीचा कार्यक्रम लेखी परवानगीशिवाय घ्यायचा नाही. चांगला नियम आहे, नाहीतर एव्हाना शनिवारवाड्यात बारसं-साखरपुडे झाले असते. पण हा अडथळा बाहेरच्यांना आहे. केंद्राचं पुरातत्त्व खातं आणि आपलं राज्याचं संचालनालय यांनी स्वतःच्याच स्मारकावर पोरांना चुना कसा मळतात ते दाखवायचं ठरवलं तर त्यांना कोण अडवणार? साल्हेर, राजगड, प्रतापगड, खांदेरी हे तर राज्याच्याच ताब्यातले, दिल्लीला विचारायचाही प्रश्न नाही.

वेळापत्रकाचा विचार मात्र पोरांच्या बाजूने करा. १८ एप्रिल जागतिक वारसा दिन, केंद्राच्या स्मारकांना त्या दिवशी फुकट प्रवेश. फार छान, पण एप्रिलच्या मध्यावर शाळेत परीक्षा असते. वारसा सप्ताह १९ नोव्हेंबरपासून, तोवर दिवाळीची सुट्टी बहुतेक संपलेली. १८ मेचा संग्रहालय दिन तेवढा सुट्टीत येतो. आणि काही सरकारी म्युझियमं सार्वजनिक सुट्टीला बंद! म्हणजे ज्या दिवशी आई-बाबा दोघं घरी असतात नेमकं त्या दिवशी दाराला कुलूप. तसं १५ वर्षांखालच्या मुलांना केंद्राच्या स्मारकांत तिकीट नाहीच, भारतीय मोठ्यांनाही २५-४० रुपयांच्या आसपास, तेव्हा लोक तिकिटासाठी अडून बसलेले नाहीत. आपल्याकडे तर दिवाळीत गल्लीगल्लीत पोरं मातीचा किल्ला करतात, मावळे मांडतात, हळीव पेरतात, चार दिवस कोपरापर्यंत हात चिखलात. त्याच सुट्टीत हवा थंड होत आलेली असते, गवत सोनेरी, गड बघण्यासारखे. त्या आठवड्यात प्रत्येक मोठ्या गडावर "तुमचा किल्ला इथं येऊन बघा" असं काही नसावं याचं मला नवल वाटतं. मे महिन्यात गड तापतात, तेव्हा पाळी म्युझियमची. भायखळ्याच्या राणीबागेत पेंग्विन बघायला सुट्टीत रांगा लागतात आणि अगदी खेटून १८७२ पासूनचं भाऊ दाजी लाड संग्रहालय उभं आहे, आत जुन्या मुंबईची माणसं, घरं, धंदे सगळं इवल्या-इवल्या मातीच्या प्रतिकृतींत मांडलेलं. रांगेतल्या पोराच्या हातात नुसता एक कागद दिला, "या दहा वस्तू शेजारी शोधून काढा", तरी निम्म्या फॅमिल्या तिकडे वळतील.

न्यू जर्सीत आपले मराठी लोक पुष्कळ आहेत, त्यांना हे सांगायला नको. त्यांच्या शेजारी, डेलावेअर नदीच्या पलीकडच्या काठी, पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ऐतिहासिक पार्कात, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनने १७७६ मध्ये सैन्यासकट नदी ओलांडली त्या प्रसंगाची दर २५ डिसेंबरला नक्कल करतात. सैनिक झालेले सगळे हौशी स्वयंसेवक. नदीला पाणी जास्त असलं किंवा वारा जोरात असला तर होड्या सोडत नाहीत, लोक काठावरूनच बघून घरी जातात. आणि नाताळाच्या आधी रंगीत तालीम ठेवतात तीही लोकांसाठी, पोरांना घेऊन यायला. हे सगळं उचलून इथं आणा असं मी म्हणत नाही, आपल्याकडे "महाराज" कोण होणार यावरूनच पहिल्या मीटिंगमध्ये दोन गट पडतील. पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे, की तो प्रसंग आपल्याला दाखवायचाय असं तिथल्या साध्या नागरिकांनाच वाटतं. आपल्याकडे गडसंवर्धन करणारी पोरं काही कमी नाहीत, रविवारी स्वखर्चाने जाऊन टाक्यांतला गाळ काढतात, पडलेल्या तोफा उचलून ठेवतात. त्यांना तासभर पोरांशी बोला म्हटलं तर नाही म्हणणार नाहीत. पण सगळा भार फुकट राबणाऱ्यांवर टाकून चालत नाही. ते दमतात, नोकऱ्या बदलतात, लग्नं होतात.

म्हणून परत त्या पगारी माणसावर येते. तो पीएचडीवाला नको, आणि मंत्रालयातून बदली होऊन आलेला तर नकोच नको. गडाच्या पायथ्याच्या गावातली बारावी झालेली मुलगी किंवा मुलगा घ्या, ज्याला प्रत्येक वाट माहीत आहे, कुठे साप निघतो, कुठे उन्हाळ्यातही पाणी असतं हे ज्याला विचारावं लागत नाही. सहा महिने नीट शिकवा, इतिहासाच्या प्राध्यापकांकडून काय खरं आणि काय नुसती दंतकथा ते समजून घेऊ द्या, प्रथमोपचार शिकवा. पगार वेळेवर द्या, कंत्राटदार मधे घालू नका. आणि त्याने गोष्टी सांगताना एखादी चूक केली तर लगेच मोर्चा नेऊ नका, कारण असं एकदा झालं की पुढचा माणूस तोंड उघडणार नाही, तोही खुर्चीवर बसून "हात लावू नका" एवढंच म्हणेल.